राजहंसगडावरची तरंगती पाटी

दिवाळी आली की बेळगावात गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात. आता काही पोरं ते माइनक्राफ्ट या संगणकावरच्या खेळात ठोकळ्यांनी बांधतात. येळ्ळूरचा राजहंसगड पुरा झाला की दरवाज्यावर हवेत तरंगणारं, रंग बदलणारं नाव हवंच! हे काम प्लगइन करतं, म्हणजे सर्व्हरवर (सगळे खेळाडू ज्याला जोडलेले असतात त्या संगणकावर) बसवलेला जोड-प्रोग्राम. डीसेंट होलोग्राम्स हे त्यांतलंच एक. नावात होलोग्राम असला तरी खऱ्या होलोग्राफीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

२०१४ साली आलेल्या माइनक्राफ्टच्या १.८ आवृत्तीत चिलखत अडकवायचा स्टँड मिळाला. त्याला नाव देता येतं आणि ते त्याच्या डोक्यावर दिसतं. स्टँड अदृश्य केला की उरतं फक्त नाव! चार ओळी हव्या असतील तर एकाखाली एक चार स्टँड. २०२३च्या १.१९.४ आवृत्तीपासून मजकुरासाठी वेगळी वस्तूच मिळाली, तरी जुनी युक्तीही चालूच राहिली.

आता हालचाल. शिवजयंतीच्या चित्ररथावरचे दिवे धावताना दिसतात, पण जागचा एकही दिवा हलत नाही, इथंही तसंच. सर्व्हरचं घड्याळ सेकंदाला २० ठोके देतं. ठराविक ठोक्यांनी प्लगइन त्या अदृश्य वस्तूचं नाव बदलतं: आधी पहिलं अक्षर पिवळं, मग दुसरं. प्रत्येक बदल जवळच्या प्रत्येक खेळाडूच्या संगणकाला कळवावा लागतो. ५० जण असतील आणि बदल दर ठोक्याला असेल, तर एका ओळीपायी सेकंदाला १००० निरोप. दर चौथ्या ठोक्याला बदललं तर २५०च, आणि डोळ्याला तेवढं पुरतं. नवशिके हा आकडा हमखास विसरतात.

निरोप ज्याचा त्याला वेगळा जात असल्यामुळे एकाच जागी एकाला मराठी आणि दुसऱ्याला कन्नड पाटी दाखवता येते. बेळगावात रस्त्यावरच्या पाट्यांना हे जमलं असतं तर!

पण माइनक्राफ्टच्या संगणकावरच्या ‘जावा’ आवृत्तीत अक्षरं सुटी सुटी मांडली जातात. ‘किल्ला’ लिहिलं की वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षराचा पाय मोडतो. कन्नडचीही तीच गत, म्हणजे इथं तरी दोन्ही बाजू समान दुःखी. उपाय आहे, पण किचकट: अख्ख्या शब्दाचं चित्र काढायचं, रिसोर्स पॅकमधल्या (खेळातली चित्रं नि अक्षरं बदलणाऱ्या फायलींच्या गठ्ठ्यातल्या) फॉन्टमध्ये ते एका न वापरलेल्या अक्षराच्या जागी बसवायचं आणि प्लगइनला तेवढं एकच अक्षर द्यायचं. मग अक्षरागणिक रंग मात्र धावत नाही. बदलतो तो अख्ख्या शब्दाचा.