मनोविकाराची गोळी आणि अंग ताठ करणारा ताप

पावसाळ्यात ठाण्या-कळव्यात कुणी तापाने फणफणला की मलेरिया, डेंग्यू नाहीतर लेप्टो, असे घरचेच ठरवून टाकतात. बहुतेकदा ते खरेही निघते. पण त्या माणसाची स्किझोफ्रेनियाची गोळी नुकतीच सुरू झाली असेल किंवा डोस वाढवला असेल, तर नीट पाहा. हातपाय ताठ, अंग घामाने चिंब, नाडी जलद, बोलणे असंबद्ध किंवा बंदच. हा न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम असू शकतो. अलीकडच्या अंदाजानुसार १०,००० रुग्णांत एक-दोघांनाच होणारा, पण जिवावर बेतणारा दुष्परिणाम. हॅलोपेरिडॉल हे मनोविकाराचे औषध घेणाऱ्या रुग्णांत फ्रेंच डॉक्टरांनी १९६० मध्ये त्याचे वर्णन केले.

स्किझोफ्रेनियाची ही औषधे मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचे डी-२ रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटून काम करते त्या जागा, अडवतात. भास आणि संशय ओसरतात ते त्यामुळेच. मात्र हेच रिसेप्टर बेसल गँग्लियातही असतात. स्नायू कधी आवळायचा, कधी सैल सोडायचा, हे ठरवण्यात त्या भागाचा मोठा वाटा. तिथे डोपामाइनचे काम फारच अडले की स्नायू आवळलेलेच राहतात आणि सतत उष्णता निर्माण करतात. त्याच वेळी मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातले तापमानाचे नियंत्रणही बिघडते. संसर्गाच्या तापात प्रोस्टाग्लँडिन हे रसायन हायपोथॅलॅमसला तापमान वाढवायला लावते आणि पॅरासिटामॉल त्यालाच आवर घालते. इथे ताप त्या वाटेने आलेलाच नसतो, म्हणून त्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. आवळून राहिलेल्या स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. रक्तातले सीपीके हे स्नायूंतले एन्झाइम, जे एरवी साधारण २०० च्या आत असते, हजारांत जाते. स्नायूंतले मायोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करते, लघवी कोऱ्या चहासारखी होते.

अशा ताठरलेल्या, गप्प झालेल्या माणसाला ‘बाहेरचं झालंय’ म्हणून अंगारा लावत बसणे म्हणजे हातचे तास घालवणे आहे. तडक मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. औषधांची चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटे सोबत घ्या, ‘डोस कधी बदलला’ हे न विचारताही सांगा. ताप पाहणाऱ्या डॉक्टरांना मनोविकाराच्या गोळीबद्दल बहुधा कुणी सांगितलेलेच नसते. लोक लाजेने ते लपवतात, ही मला फार खुपणारी गोष्ट आहे.

तिथे ते औषध लगेच थांबवतात, सलाइन देतात, अंग थंड करतात. गरज पडल्यास ब्रोमोक्रिप्टिन किंवा डँट्रोलीन देतात. पण ही लक्षणे नसताना, केवळ धास्तीने, चालू गोळी परस्पर बंद करू नका; आजार उलटतो. ज्यांना हा त्रास होऊन गेला, त्यांनाही किमान दोन आठवडे थांबून, बहुधा दुसरे औषध अगदी कमी डोसने, डॉक्टरांच्या नजरेखाली पुन्हा सुरू करता येते.