दंतोपचारांची भीती (ग्रामीण विदर्भ)

दंतोपचारांची भीती : दातांच्या दवाखान्यात जाण्याच्या, सुईच्या, ड्रिलच्या आवाजाच्या किंवा दात काढण्याच्या नुसत्या विचाराने येणारी अस्वस्थता. छातीत धडधड, तळहातांना घाम, आदल्या रात्री झोप न लागणे आणि ऐनवेळी दवाखान्याच्या दारातून परत फिरणे ही तिची लक्षणे. अशी भीती जगभर आढळते. ती मोजण्यासाठी नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये प्रश्नावली तयार केली. तिच्या १९९५ मधील सुधारित रूपात पाच प्रश्न असून गुण ५ ते २५ पर्यंत मिळतात. १९ किंवा त्याहून जास्त गुण तीव्र भीती दाखवतात.

विदर्भाच्या खेड्यांत या भीतीला दिरंगाईची जोड मिळते. दाढ पहिल्यांदा ठणकते तेव्हा सोयाबीनची कापणी नाहीतर कापसाची वेचणी चालू असते आणि तालुक्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. मग दाढेत लवंग दाबतात, मेडिकलमधून गोळी आणतात. काही जण गोळी चुरून हिरडीवरच ठेवतात. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळीने तिथली कातडी भाजून पांढरी पडते. काही दिवसांनी ठणका थांबतो आणि दाढ बरी झाली असे वाटते. प्रत्यक्षात दाढेतली नस मेलेली असते आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकापर्यंत पोचलेला असतो. पुढे केव्हातरी गाल सुजतो आणि जबड्याखालून डोक्यावर दुपट्टा बांधून माणूस दवाखान्यात येतो. पू झालेल्या जागी आम्लता वाढते, त्यामुळे बधिर करणारे लिग्नोकेन तिथे नीट लागू पडत नाही. म्हणून त्याला खरोखरच जास्त दुखते. घरी जाऊन तो जे सांगतो ते खोटे नसते, पण ते ऐकणारा आपल्या वेळी आणखी उशीर करतो. अशा माणसाला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. त्याची भीती अनुभवातून आलेली असते.

वरची दाढ काढली की नजर जाते, हा समज अजून घट्ट आहे. त्यात तथ्य नाही. वरच्या दातांची संवेदना चेहऱ्याच्या त्रिशाखी चेतातंतूची एक शाखा वाहून नेते, तर दृष्टीची चेता पूर्णपणे वेगळी असते. ‘दात साफ केले की हलतात’ हेही तसेच. मुळांना आधार दिल्यासारखा बसलेला कीटणाचा थर निघाल्यावर आधीच सैल झालेला दात जाणवू लागतो, एवढेच.

खर्रा खाणाऱ्यांची भीती निराळी. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत (प्लास्टिकच्या कागदात) घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षे गालात धरला की तोंडातली कातडी ताठरते, तिखट झोंबते आणि तोंड पूर्वीइतके उघडत नाही. आपल्याला कर्करोगच निघेल किंवा डॉक्टर सगळ्यांसमोर रागावतील या धास्तीने माणूस तपासणीच टाळतो. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने दात पिवळे-तपकिरी झालेले असतात, तिथे तोंड उघडायचीच लाज आडवी येते. दोन्ही ठिकाणी डॉक्टरांनी पहिले वाक्य न रागावता बोलणे हाच उपचाराचा आरंभ समजावा.

सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे काही दुखत नसताना पहिली भेट देणे. त्या दिवशी फक्त तोंड दाखवावे, खुर्ची पाहावी, खर्च विचारावा. बाजाराच्या दिवशी जाऊ नये. गर्दीत बसून आतल्या ड्रिलचा आवाज ऐकताना भीती वाढत जाते. सकाळची वेळ बरी, आणि नुसती सुई देऊन दात काढायचा असेल तर जेवून जावे, कारण उपाशीपोटी चक्कर येण्याची शक्यता जास्त. ‘मले लय भेव लागते जी’ हे खुर्चीत बसण्याआधीच सांगावे. मग डॉक्टर आधी हिरडीला बधिर करणारी जेल लावू शकतात, औषध सावकाश सोडू शकतात (घाईने सोडले तर जास्त दुखते) आणि ‘मावशी, दुखलं की डावा हात वर करा, मी थांबतो’ असे ठरवून घेऊ शकतात. हात वर केल्यावर डॉक्टर खरोखर थांबले की पुढचे काम सोपे होते.

औषध चढल्यावर ओठ जाड झाल्यासारखा वाटतो. दात काढताना रेटा आणि ओढ जाणवतेच, दुखणे मात्र जाणवू नये. हा फरक आधी सांगितला नाही तर रुग्ण प्रत्येक रेट्याला किंचाळतो. श्वास हळू सोडल्याने धडधड उतरते. सुई पाहून ज्यांना भोवळ येते त्यांनी मांड्या आणि दंड थोडा वेळ आवळून सैल सोडावेत. त्याने रक्तदाब एकदम खाली येत नाही.

मुलांसाठी ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ ही पद्धत १९५९ पासून रूढ आहे. घरात मात्र ‘ऐकलं नाही तर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाक बंद व्हायला हवा, नाहीतर दवाखान्यातली सगळी मेहनत वाया जाते.

अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतचिकित्सक असतात. तीव्र भीतीच्या रुग्णांना नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालय अशा मोठ्या ठिकाणी पाठवता येते. गुंगीचे औषध किंवा पूर्ण भूल द्यायची असेल तर वरचा जेवणाचा सल्ला लागू नाही. सांगितलेले तास उपाशी राहावे लागते, घरचे मोठे माणूस सोबत लागते आणि त्या दिवशी स्वतः मोटरसायकल चालवत गावी परतता येत नाही.