टेक्स्ट एडिटरमधील इंग्रजीतर अक्षरे

साध्या मजकूर-फायलीत असतात फक्त बाइट, म्हणजे आकडे. ते कोणत्या संकेतनात (एन्कोडिंगमध्ये, म्हणजे कोणता आकडा कोणते अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्यानुसार) वाचायचे, हे फायलीत सहसा लिहिलेले नसते. फ्रेंच, जर्मन किंवा मराठी मजकूर एडिटरमध्ये विस्कटलेला दिसतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा यात असते.

सात बिटांच्या आस्की संकेतनात १२८ जागा होत्या. त्यांत इंग्रजीचे भागले. पुढे पश्चिम युरोपसाठी लॅटिन-१, भारतीय लिप्यांसाठी इस्की अशी संकेतने आली आणि एकाच बाइटाचे अर्थ अनेक झाले. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देऊन हा गुंता सोडवला. ते क्रमांक साठवण्याची आज सर्वत्र रुळलेली पद्धत म्हणजे केन थॉम्पसन व रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी १९९२ मध्ये आखलेले यूटीएफ-८. त्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट.

यूटीएफ-८ मधली अशी फाइल विंडोज-१२५२ (विंडोजचे पश्चिम युरोपीय संकेतन) समजून उघडली, की एका ‘म’च्या जागी तीन चिन्हे उमटतात : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचे सर्वसाधारण चिन्ह आणि वर्तुळातला आर. मजकूर मात्र शाबूत असतो. व्हीएस कोड या एडिटरमधील ‘रीओपन विथ एन्कोडिंग’सारख्या सोयीने योग्य संकेतन निवडले, की तो जसाच्या तसा दिसतो. विस्कटलेल्या स्थितीत फाइल सेव्ह करू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. मराठी मजकूर पाश्चात्त्य ‘आन्सी’ संकेतनात (विंडोज-१२५२ला विंडोजमध्ये दिसणारे नाव) सेव्ह केला, तर अक्षरांऐवजी खरोखरची प्रश्नचिन्हे लिहिली जातात. त्या फायलीतून मूळ मजकूर परत मिळत नाही. विंडोजच्या नोटपॅडमध्ये नव्या फायलींसाठी यूटीएफ-८ आपोआप निवडलेले असते, पण ही सोय २०१९ मध्ये आली.

रिकाम्या चौकटी दिसल्या, तर फॉन्ट नाही असे समजावे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न दिसता उजवीकडे पडली किंवा जोडाक्षरे सुटी झाली, तर एडिटरची अक्षरजोडणी कच्ची आहे. काही टर्मिनलांत (आज्ञा टाइप करण्याच्या खिडक्यांत) हे आजही घडते.

महाराष्ट्रातील डीटीपी केंद्रांतल्या जुन्या फायलींचे दुखणे निराळे आहे. त्यांतील बाइट रोमन अक्षरांचेच असतात. मराठी आकार देतो तो विशिष्ट फॉन्ट. तिथे संकेतन बदलून काहीच साधत नाही. त्या फॉन्टसाठी बनवलेला परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि नंतर ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला ऱ्य नीट उतरला आहे का, हे डोळ्यांनी तपासावे लागते.