ईथर गेला, समीकरणं राहिली

ऑग्युस्तँ फ्रेनेल हा रस्ते आणि पूल बांधणारा फ्रेंच अभियंता. १८१८ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेसाठी एक निबंध पाठवला. प्रकाश म्हणजे लहरी, असं त्याचं म्हणणं होतं. परीक्षकांपैकी पॉयसन मात्र प्रकाशकण मानणारा. त्याने फ्रेनेलचंच गणित पुढे नेलं आणि दाखवून दिलं, की हे खरं धरलं तर गोल चकतीच्या सावलीच्या ऐन मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा! इतका विचित्र निष्कर्ष निघतोय म्हणजे सिद्धांत निकालात निघाला, असं त्याला वाटलं. दुसरा परीक्षक आरागो याने सुमारे २ मिलिमीटरची धातूची चकती मेणाने काचेवर चिकटवली आणि प्रयोग करून पाहिला. ठिपका होता. १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळालं.

जे फ्रेनेलच्या स्वतःच्याही डोक्यात आलं नव्हतं, ते सिद्धांताने आधी सांगितलं. असा सिद्धांत वास्तवाला कुठेतरी भिडलेला नसेल, तर हे यश केवळ चमत्कार ठरेल. तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९७५ मध्ये वैज्ञानिक वास्तववादाची, म्हणजे यशस्वी सिद्धांत जगाबद्दल निदान अंदाजे खरं सांगतात या मताची, बाजू अशीच मांडली.

अडचण पुढेच आहे. फ्रेनेलच्या लहरी ईथरमध्ये उठत होत्या. हा ईथर म्हणजे सगळं अवकाश व्यापणारा, असा मानलेला एक पदार्थ. अवतरंग, म्हणजे पुढे जाण्याच्या दिशेला आडव्या हलणाऱ्या लहरी, वाहून नेण्याइतका ताठर, तरीही ग्रहांना जराही न अडवणारा. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांनी ईथरमधून जाणाऱ्या पृथ्वीचा वेग मोजायचा प्रयत्न केला, पण वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या प्रकाशाच्या वेगात अपेक्षित फरक दिसला नाही. १९०५ मध्ये आइनस्टाइनने ईथरची गरजच उरत नाही असं म्हटलं. विज्ञानाच्या इतिहासात असे यशस्वी आणि तरीही मोडीत निघालेले सिद्धांत ढीगभर आहेत. मग आजच्या सिद्धांतांवर तरी का विश्वास ठेवायचा, असा तत्त्वज्ञ लॅरी लॉडन यांचा १९८१ मधला सवाल आहे, आणि तो सहज झटकता येत नाही.

पण काय टिकलं तेही पाहू. रात्री दिवा लावलेल्या खोलीतून खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा दिसतो. काचेच्या एका पृष्ठभागावर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत फिरतो. काचेचा अपवर्तनांक (काचेत शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) १.५ घ्या, त्यातून १ वजा करा, १.५ मध्ये १ मिळवून आलेल्या संख्येने भागा, वर्ग करा: ०.०४. हे सूत्र फ्रेनेलने ईथरच्या कल्पनेतून काढलं. १८७५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लोरेन्ट्झने तीच सूत्रं मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय सिद्धांतातून मिळवली. कॅमेऱ्याच्या भिंगावरचा परावर्तन कमी करणारा थर आजही त्याच सूत्रांवर आखला जातो.

यावरून तत्त्वज्ञ जॉन वॉरल यांनी १९८९ मध्ये फ्रेंच गणितज्ञ प्वँकारेचा जुना विचार पुन्हा मांडला: विज्ञान वस्तूंचं स्वरूप चुकत असेल, पण त्यांच्यातली नाती बरोबर पकडतं. मला हे बरंचसं पटतं, कारण नेमकं काय टिकलं याकडे ते बोट दाखवतं. पण तत्त्वमीमांसेचा, म्हणजे मुळात काय अस्तित्वात आहे याचा, खरा प्रश्न इथेच उभा राहतो. नाती कोणाची? ज्यांच्यात नातं आहे त्या वस्तूंबद्दल काहीच न म्हणता नुसतं नातं ‘आहे’ असं म्हणता येतं का? काही तत्त्वज्ञ थेट ‘हो’ म्हणतात: जगाच्या तळाशी वस्तू नाहीतच, रचनाच आहे. इथवर मी त्यांच्यासोबत जाऊ शकत नाही.

हा पेच आजचाही आहे. पुंजभौतिकीतलं श्रोडिंगरचं समीकरण १९२६ पासून अणूंचे वर्णपट अचूक सांगत आलं आहे. त्यातलं तरंगफल, म्हणजे कणाची अवस्था सांगणारी गणिती राशी, ही खरी वस्तू आहे, की आपल्या माहितीचा हिशेब, यावर भौतिकशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.