बेअरिंग कधी जाईल?

नवी मुंबईतल्या रबाळे-महापे या कारखान्यांच्या पट्ट्यात मे महिना लागला की शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना थांबवून करायच्या दुरुस्तीच्या, याद्या निघतात. पावसाच्या आत कुठले पंप उघडायचे आणि कुठले तसेच चालू द्यायचे, यावर मेन्टेनन्स आणि प्रॉडक्शनची रोज ओढाताण चालते. यादीतल्या प्रत्येक ओळीमागे प्रश्न एकच: पुढच्या शटडाऊनपर्यंत हे तग धरेल का? त्याचं उत्तर आकड्यांत मांडायची खटपट जवळजवळ पावणेदोनशे वर्षं चालू आहे, आणि तिची सुरुवात रेल्वेपासून झाली.

८ मे १८४२ला व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस, म्हणजे चाकं जोडणारा दांडा, तुटला. आग लागली, पन्नासच्या वर माणसं गेली. ओझं तर नेहमीचंच होतं, मग आस तुटला कसा? १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला पोचली, तेव्हाही याचं पक्कं उत्तर कुणापाशी नव्हतं. ते आउगुस्ट व्होलर या जर्मन अभियंत्यानं पुढच्या काही वर्षांत शोधलं. तो आसाचे नमुने ताण देऊन फिरवत ठेवायचा आणि तुटेपर्यंतचे फेरे मोजायचा. एका झटक्यात मोडायला लागतो त्याहून कितीतरी कमी ताणानंही, लाखो फेऱ्यांनंतर धातू थकतो आणि तुटतो, हे त्यानं दाखवून दिलं. ताण आणि फेरे यांचा त्याच्या नावाचा आलेख आजही इंजिनिअरिंगच्या पोरांना काढावा लागतो.

फिरता दांडा पेलणाऱ्या बेअरिंगच्या बाबतीत अडचण वेगळी होती. एकाच पोलादाची, एकाच दिवशी बनलेली बेअरिंग एकाच ओझ्याखाली लावली, तरी एखादं दुसऱ्याच्या कित्येक पट जास्त चालतं. स्वीडनच्या आर्विड पाल्मग्रेननं १९२४मध्ये यातून वाट काढली. एका नगाचं आयुष्य सांगायच्या फंदात न पडता त्यानं घोळक्याचं आयुष्य सांगितलं. कॅटलॉगात लिहिलेलं एल-१० ते हेच: शंभरातली नव्वद एवढे तास ओलांडतील. हातातलं बेअरिंग त्या नव्वदातलं की उरलेल्या दहातलं, हे त्यातून कळत नाही. मात्र एक गोष्ट त्यातून नीट कळते. बॉल बेअरिंगवरचं ओझं दुप्पट झालं की आयुष्य एक अष्टमांश होतं. मोटर आणि पंपाचे दांडे जोडणारं कपलिंग वाकडं बसलं की ओझं वाढवून बेअरिंग का खातं, ते इथे लक्षात येतं.

१९५१मध्ये स्वीडनच्याच वालोडी वायबुलनं या सगळ्या विखुरलेपणाला एक सूत्र दिलं. त्याच्या सूत्रातला एक आकडा एकाच्या खाली आला तर नग सुरुवातीलाच जातायत, एकाच्या आसपास असला तर केव्हाही जातायत, आणि एकाच्या बराच वर गेला तर झिजून जातायत. माझ्या मते या विषयातला सगळ्यात कामाचा आकडा हाच, कारण मशीन बदलायचं की बसवण्याची पद्धत बदलायची, ते तो सांगतो.

याच सुमारास अमेरिकी लष्कराला इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या बिघाडांनी हैराण केलं होतं. तिथून ‘एमटीबीएफ’, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ, सगळीकडे पसरला आणि प्रत्येक नग तेवढे तास चालेलच, हा गैरसमजही पसरला. बिघाडाचा दर कायम धरला तर एमटीबीएफ ५०,००० तास म्हणजे तेवढ्या तासांपर्यंत शंभरातले सुमारे ६३ नग गेलेले असतात. शिवाय पंपाचा सील किंवा गिअरचा दात झिजत जातो, त्याचा दर कायम राहतच नाही. म्हणून अमेरिकी नौदलानं यांत्रिक भागांसाठी वेगळी पुस्तिका केली. तिच्यात मूळ दर घेतात आणि ओझं, तापमान, तेलाचा दाटपणा, घाण अशा गुणकांनी गुणतात. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांची ओल आहे, म्हणून हे गुणक मला फार जवळचे वाटतात.

१९७८मध्ये नाउलन आणि हीप यांचा विमानांच्या देखभालीवरचा अहवाल आला आणि जुना समज कोसळला. वयाबरोबर बिघाड वाढतोय असे भाग त्यांना अवघे ११ टक्के सापडले. ६८ टक्के भागांना धोका सगळ्यात जास्त होता तो नवे असतानाच.

याचा अर्थ मला कळला तो स्वतःच्या चुकीतून. एका शटडाऊनमध्ये तास भरले म्हणून मी एका पंपाचं बेअरिंग बदलायला लावलं. आमचे फिटरकाका स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाऊसिंगवर आणि मूठ कानाला लावून ऐकत होते. म्हणाले, “साहेब, मस्त चाललंय, हात लावू नका त्याला.” मी ऐकलं नाही. बेअरिंग तापवून बसवायचा हीटर बंद होता, घाई होती, नवं बेअरिंग ठोकून बसवलं. नवव्या दिवशी रात्रपाळीत घरघर सुरू झाली. उघडलं तर ग्रीस काळं पडलेलं आणि आतल्या रेसवर, म्हणजे बॉल ज्यावरून फिरतात त्या कड्यावर, बॉलच्या अंतराअंतरानं ओळीत खळगे. ठोकताना मार बॉलमधून रेसवर गेला होता. काढलेलं जुनं बेअरिंग काकांनी पुसून कपाटात ठेवलं होतं, हातात फिरवलं तर लोण्यासारखं फिरत होतं.

काकांच्या कानाचं काम आता कंपनाचं मीटरही करतं. १९६५मध्ये कूली आणि टुकी यांनी मिसळलेल्या लहरी वेगळ्या काढायच्या झटपट गणिताची रीत मांडली. तिच्यामुळे एकत्र आलेल्या कंपनातून बाहेरच्या रेसचा ठोका वेगळा, आतल्या रेसचा वेगळा ओळखता येऊ लागला.

यंदाच्या यादीत त्या पंपासमोर तारीख नाही. दर सोमवारचे कंपनाचे मिलिमीटर-प्रति-सेकंदातले आकडे आहेत, २.१, २.२, २.१, आणि शेजारी काकांच्या अक्षरात पेन्सिलनं लिहिलंय: उघडू नये.