योख आणि झेड : स्कॉटिश नावांतला खोटा ‘झ’

ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान रॉबर्ट मेन्झिस यांचं टोपणनाव होतं ‘मिंग’. आडनावात झेड असताना हे आलं कुठून? तर स्कॉटलंडमध्ये या आडनावाचा जुना उच्चार ‘मिंगिस’ असा आहे, आणि त्यातला झेड मुळात झेड नाहीच. त्या जागी ‘योख’ नावाचं अक्षर होतं. (शेवटचा ख घशातून घासून काढायचा.)

योख म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या ‘जी’चाच वंशज. आयरिश वळणाचा तो जी सपाट डोक्याचा, खाली शेपूट असलेला. एकाच अक्षरावर ‘ग’, ‘य’ आणि घशातला घासता उच्चार असा तिहेरी भार होता. शेजारचा स्वर बघून वाचणारा ठरवायचा, जसं आपण ‘जावई’ आणि ‘जीव’मधला ज न सांगता वेगळा म्हणतो. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर लॅटिनसाठी वापरला जाणारा गोल पोटाचा जी इंग्रजी मजकुरातही शिरला आणि त्यानं ‘ग’ आपल्याकडे घेतला. उरलेले उच्चार जुन्या आकाराकडे राहिले. तो आकार बदलत बदलत इंग्रजी तीनच्या आकड्यासारखा झाला, तोच योख.

आता तो झेडशेजारी ठेवून पाहू. झेडच्या तीन रेघा : वर आडवी, मग तिरकी, खाली पुन्हा आडवी. योखच्या पहिल्या दोन तशाच. तिसरीच्या जागी उजवीकडे फुगून ओळीखाली उतरणारा बाक. लेखनिकानं झेडला खाली शेपूट काढलं की फरक संपला. आपल्याकडे ‘ख’चे पाय जोडले नाहीत तर ‘रव’ वाचला जातो, तसलाच घोळ. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या काव्याच्या हस्तलिखितात दोन्हींसाठी एकच आकार आहे. तिथं ‘वॉज’ हा शब्द डब्ल्यू, ए, टी आणि शेवटी तो आकार असा लिहिलेला सापडतो.

अशा वेळी जागेवरून ओळखायचं. शब्दारंभी असेल तर बहुधा योख, उच्चार ‘य’ (‘यिअर’, ‘यंग’), कारण अस्सल इंग्रजी शब्द झेडनं सुरू होत नसत. ‘टी’च्या आधी असेल तर घासता उच्चार : ‘नाइट’मध्ये आज मुके बसलेले जी-एच हे त्याच योखच्या जागी आलेत. आणि शेवटी ‘टी’नंतर असेल तर झेड, म्हणजे ‘स’ किंवा ‘झ’.

इंग्लंडमध्ये वाय आणि जी-एच ही लेखनं योखची जागा आधीपासूनच घेत होती. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन यानं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला, त्याचे छपाईचे संस्कार युरोपातले, तिथे योख नव्हता, त्यामुळे उरलेसुरले योखही गेले. स्कॉटलंडमध्ये हे अक्षर जास्त टिकलं, विशेषतः एन आणि एलनंतर. पण एडिंबरोतली तारीख घातलेली छापील पुस्तकं १५०८ पासूनची, आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, पेटीत योखचा खण नव्हता. एका अक्षरासाठी वेगळा ठसा कोरून, साचा करून खिळे ओतण्यापेक्षा दिसायला जवळचा झेड उचलणं सोपं. काम निभावलं, कारण वाचणाऱ्याला उच्चार ठाऊक होता.

तो ठाऊक नसलेला वाचक आला तेव्हा नावं फुटली. डॅल्झिएल लिहिलेलं आडनाव आजही ‘डी-एल’ असंच म्हणतात. एअरशरमधला कल्झीन किल्ला उच्चारात ‘कलेन’. मॅकेन्झीत मात्र लेखनानं उच्चारावर मात केली आणि झ कायमचा बसला. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांचं तर सरकारी नावच १९७५ पर्यंत ‘झेटलंड’ होतं, आणि तिथला पोस्टकोड अजून झेड-ईनं सुरू होतो.

संगणकावर घोळ पुन्हा झाला. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाण यादीनं आधी योखला ‘एझ’ या ध्वनिलेखनातल्या अक्षरात जमा केलं होतं. १९९९ मध्ये, ३.० आवृत्तीत, त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्याआधी टंकलेल्या मजकुरात योखच्या जागी एझ असू शकतो, कुठे झेड, कुठे चक्क तीनचा आकडा. अशा संग्रहात शब्द शोधताना चारही रूपं टाकून पाहावी लागतात, नाहीतर ‘नाइट’ पानावर असूनही सापडत नाही.