ईस्ट बंगाल समर्थकांचा आशावाद आणि रोजच्या गप्पा

ईस्ट बंगाल हा कोलकात्याचा फुटबॉल क्लब, स्थापना १ ऑगस्ट १९२०, रंग लाल आणि सोनेरी पिवळा, चिन्ह मशाल. या क्लबच्या समर्थकांच्या रोज ज्या गप्पा चालतात, सकाळी चहाच्या दुकानात, संध्याकाळी घरासमोरच्या ओट्यावर (कोलकात्यात त्याला रोक म्हणतात आणि तिथल्या बैठकीला अड्डा), लोकलमध्ये, ऑफिसात आणि आता रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर, आणि त्या गप्पांमधून "यंदा नक्की" ही आशा दरवर्षी नव्याने कशी उभी राहते, त्याबद्दल ही नोंद आहे. मोहन बागान आणि मोहम्मेडन या कोलकात्याच्याच क्लबांचे समर्थकही गप्पा मारतातच, पण ईस्ट बंगालवाल्यांनी लीगमध्ये वर्षानुवर्षं जे सोसलंय ते बघता त्यांची आशा कधीच आटायला हवी होती, आणि ती आटलेली नाही.

कुठून आलं हे

क्लबचा जन्मच कोणालातरी डावललं म्हणून झाला. २८ जुलै १९२० ला कूचबिहार कपमध्ये मोहन बागान विरुद्ध जोडाबागान अशी मॅच होती, जोडाबागानने शैलेश बोस या खेळाडूला ऐनवेळी बाहेर बसवलं, जोडाबागानचेच उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी खूप सांगून पाहिलं, कोणी ऐकेना, मग ते बाहेर पडले आणि चार दिवसांत नवा क्लब निघाला. ही मंडळी मूळची पूर्व बंगालची, म्हणून नाव ईस्ट बंगाल. मशालीबद्दलही असंच सांगतात, की १९३० मध्ये वरच्या डिव्हिजनला चढायचा हक्क नाकारला तेव्हा सभासदांनी मशाली पेटवून मोर्चा काढला आणि तेच पुढे क्लबचं चिन्ह झालं.

मग १९४७. फाळणीत पूर्व बंगालमधून लाखो माणसं घरदार, शेती, सगळं सोडून आली, दक्षिण कोलकात्यात बिजयगढ, आझादगढ, नेताजीनगर अशा कॉलन्या त्यांनी स्वतःच्या हाताने वसवल्या, आणि नव्या शहरात ज्याला आपलं म्हणता येईल असं फार थोडं हाताशी होतं त्यात हा क्लब होता. पूर्वेकडच्यांना बांगाल म्हणायचे आणि मूळच्या पश्चिमेकडच्यांना घोटी, बांगालांचा ईस्ट बंगाल आणि घोटींचा मोहन बागान, एकाचा हिलसा मासा आणि दुसऱ्याची कोळंबी. डर्बी, म्हणजे या दोघांची मॅच, जिंकली की त्या त्या घरी तो तो मासा शिजणार हे अजून चालतं. आता तिसरी-चौथी पिढी आहे, लग्नं सरमिसळ झालीत, सिलिगुडी, त्रिपुरा, सिल्चरकडे पण मोठा समर्थकवर्ग आहे, तरी मूळ धागा तोच. माझ्या मते हा आशावाद समजायचा असेल तर ट्रॉफ्यांच्या यादीच्या आधी या कॉलन्या बघायला पाहिजेत, कारण ज्यांच्या आजोबांनी शून्यातून घर उभं केलं त्यांना सलग पाच मॅच हरणं म्हणजे सगळं संपलं असं वाटत नाही. १९ जानेवारी २०२० च्या डर्बीत, नागरिकत्व कायद्यावरून देशभर वाद पेटलेला असताना, ईस्ट बंगालच्या गॅलरीत भलामोठा बॅनर लागला होता, ही माती रक्त देऊन घेतलीय, कागद देऊन नाही, अशा अर्थाचा. ती मॅच २-१ ने हरले, बॅनर मात्र अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

गप्पांचा विषय काय असतो

सीझन सुरू व्हायच्या आधी सगळ्यात जास्त गप्पा होतात. पूर्वी दलबदल असायचा, म्हणजे खेळाडूंनी क्लब बदलायचे ठरलेले दिवस, तेव्हा क्लबची माणसं खेळाडूंना अक्षरशः लपवून ठेवायची आणि सही होईपर्यंत पूर्ण शहराचा जीव टांगणीला. १९८५ ला कृशानू डे आणि बिकाश पांजी ही जोडी मोहन बागान सोडून आली, त्याच्या कहाण्या म्हातारी माणसं अजून रंगवून सांगतात. आता त्या जागी ट्रान्सफर विंडो आलीय, कुठला फॉरेनर येतोय, त्याने आधी कुठल्या देशात किती गोल केले, वय किती, गुडघा धड आहे का, हे सगळं समर्थक स्वतः शोधून काढतात आणि तो विमानतळावर उतरायच्या आत त्याला कुठे खेळवायचं ते पण ठरवून ठेवतात.

कोच बदलला की आशा दुप्पट. २०१३ च्या शेवटी गोव्याचे आर्मांडो कोलासो आले, धेंपोला पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकून दिलेला माणूस, आणि त्या सीझनला क्लब दुसरा आला. २०१७ ला खालिद जमील आले, मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले आणि नुकतंच छोट्याशा ऐझॉलला आय-लीग (तेव्हाची राष्ट्रीय लीग) चॅम्पियन करून दाखवलेले, मग काय, ऐझॉलला जमलं तर आपल्याला का नाही, हे वाक्य त्या उन्हाळ्यात घरोघरी. चौथे आले त्या वर्षी.

आणि मग इन्व्हेस्टर. हा विषय २०१८ नंतर इतका वाढला की फुटबॉल मागे पडला. आधी क्वेस, मग २०२० ला श्री सिमेंट आणि त्यांच्यासोबत आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, प्रवेश, मग २०२२ पासून इमामी. टर्म शीट आणि फायनल अॅग्रीमेंट यात फरक काय हे मासे विकणाऱ्यालाही माहीत झालं. २१ जुलै २०२१ ला करारावर सही होत नाही म्हणून समर्थक क्लबच्या तंबूसमोर जमले (मैदान भागात क्लबांचं ऑफिस म्हणजे तंबूच) आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. स्वतःच्याच क्लबसाठी, स्वतःच्याच क्लबच्या दारात मार खाल्लेली ही माणसं पुढच्या सीझनला परत तिकिटाच्या रांगेत होती, यात मला हसण्यासारखं काही वाटत नाही, उलट आदर वाटतो.

हिशोब

राष्ट्रीय लीग ईस्ट बंगालने २०००-०१, २००२-०३ आणि २००३-०४ अशी तीनदा जिंकली. २००३ च्या जुलैमध्ये जकार्तात आसियान क्लब चॅम्पियनशिपही जिंकली, फायनलला थायलंडच्या बीईसी तेरो सासानाला ३-१ हरवलं, एक गोल गोव्याच्या अल्विटो डिकुन्हाचा, जो पुढे कितीतरी वर्षं क्लबमध्येच राहिला आणि घरचाच झाला. त्या पिढीला वाटलं आता हे असंच चालणार. त्यानंतर मात्र दुसरा नंबर, परत दुसरा नंबर. २००५-०६ ला मुंबईच्या महिंद्रा युनायटेडच्या मागे, २०१०-११ ला साळगावकरच्या, २०११-१२ ला धेंपोच्या, २०१३-१४ ला बेंगळुरूच्या. म्हणजे गोवा-मुंबईच्या फुटबॉलवाल्यांच्या आनंदाच्या ज्या आठवणी आहेत त्यातल्या काही कोलकात्यात रडून झोपलेल्या रात्री आहेत.

सगळ्यात जवळची २०१८-१९. शेवटचा दिवस, ९ मार्च २०१९, ईस्ट बंगाल कोझिकोडला गोकुलमशी आणि चेन्नई सिटी कोइम्बतूरला मिनर्व्हाशी, दोन्ही मॅच एकाच वेळी. चेन्नई तिसऱ्याच मिनिटाला पिछाडीवर. हाफटाइमला इकडे ०-० आणि तिकडे चेन्नई हरतीय, म्हणजे फक्त एक गोल पाहिजे, एकच, आणि पंधरा वर्षांनी लीग घरात. एका मोबाईलवर ही मॅच आणि दुसऱ्यावर ती. सेकंड हाफमध्ये चेन्नईने पेनल्टीवर बरोबरी केली, मग पुढे गेले, इकडे उलट गोकुलमने गोल मारला, ईस्ट बंगालने शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून २-१ अशी मॅच फिरवली पण तोपर्यंत तिकडे हातातून गेलं होतं. ४३ पॉइंट चेन्नईचे, ४२ यांचे. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हा. या मॅचबद्दल आजही बोलणं निघालं की शेवटी विषय सीझनमधल्या कुठल्यातरी ड्रॉवर येतो, तिथे ते दोन पॉइंट टाकले नसते तर, आणि मग अर्धा तास तीच मॅच.

आयएसएलमध्ये तर पहिल्या पाच सीझनमध्ये चार वेळा नववे आणि एकदा, २०२१-२२ ला, चक्क शेवटचे अकरावे. २०२२-२३ ते २०२४-२५ मध्ये सहा टीम प्लेऑफला जायच्या, त्यामुळे सगळा हिशोब सहाव्या नंबरचा. आपण उरलेल्या पाचातल्या चार जिंकायच्या, अमक्याने तमक्याशी ड्रॉ करायचा, गोल डिफरन्स थोडा सुधारायचा, मग होतंय. कागदावर मांडून बघितलं तर दर वेळी खरंच होतंय. जे लोक याला भाबडेपणा म्हणतात त्यांनी हे लक्षात घेतलं पाहिजे की हा हिशोब करणाऱ्याला शक्यता किती कमी आहे ते सगळ्यात नीट ठाऊक असतं, कारण गणित त्यानेच केलेलं असतं.

२०२४-२५ ला सुरुवातीच्या सहाच्या सहा मॅच हरले, कोच कार्लेस कुआद्रात मधेच गेले, ऑस्कर ब्रुझोन आले. ९ नोव्हेंबर २०२४ ला मोहम्मेडनशी मॅच, अर्धा तास व्हायच्या आत नंदकुमार आणि महेश या दोघांना मिनिटभराच्या अंतराने रेड कार्ड, म्हणजे नऊ जण उरले आणि एक तासाच्या वर खेळ बाकी. टीव्ही बंद करायची वेळ. पण नऊ जणांनी बॉक्समध्ये भिंत घातली, अंगावर बॉल घेतले, आणि ०-० ठेवलं. सीझनचा पहिला पॉइंट, टेबलात अजूनही तळाला, आणि त्या रात्री गप्पांमध्ये जिंकल्यासारखा आनंद. पुढच्या महिन्यात पंजाबविरुद्ध हाफटाइमला ०-२ असताना ४-२ ने जिंकले तेव्हा प्रत्येकजण हेच सांगत होता की ते त्या नऊ जणांच्या रात्रीपासून सुरू झालं.

डर्बी आणि जुन्या आठवणी

आशेला खतपाणी जुन्या मॅचचं. १९७५ च्या आयएफए शील्ड फायनलला मोहन बागानला मारलेले ५-० हे तर पाळण्यातल्या पोरालाही माहीत. १३ जुलै १९९७ ची फेडरेशन कप सेमीफायनल, सॉल्ट लेक स्टेडियमला १,३१,७८१ माणसं, मोहन बागानचे कोच अमल दत्त यांच्या डायमंड सिस्टीमचा शहरभर गाजावाजा, मॅचआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या भाईचुंग भुतियाला चुंगचुंग म्हणून हिणवलं, तर इकडे कोच पी. के. बॅनर्जी. भाईचुंगने हॅटट्रिक मारली, ४-१. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ती मुलं ही मॅच गॅलरीत बसून पाहिल्यासारखी सांगतात.

वाईट आठवणीही आहेतच. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर डर्बीत गोंधळ, चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक गेले, दोन्ही बाजूंची माणसं हा दिवस पाळतात. आणि हरण्याचं म्हणाल तर २०२० पासून ओळीने आठ डर्बी हरले. घरी मोहन बागानवाला जावई किंवा मेहुणा असेल त्याचं काय होत असेल बघा. शेवटी १२ ऑगस्ट २०२३ ला ड्युरँड कपमध्ये नंदकुमारच्या एका गोलने १-० जिंकले, साडेचार वर्षांनी. तीनच आठवड्यांत त्याच स्पर्धेच्या फायनलला त्याच मोहन बागानकडून, तेही त्यांचे दहाच खेळाडू उरलेले असताना, १-० हरले.

पण गप्पा थांबल्या नाहीत आणि २८ जानेवारी २०२४ उजाडला. भुवनेश्वरला सुपर कप फायनल, ओडिशाच्या घरच्या मैदानावर. आधी मागे, मग २-१ पुढे, मग इंज्युरी टाइमच्या सातव्या मिनिटाला पेनल्टी देऊन २-२, म्हणजे नेहमीचंच. एक्स्ट्रा टाइममध्ये १११ व्या मिनिटाला क्लेटन सिल्वाने गोल मारला. २०१२ च्या फेडरेशन कपनंतर (तेव्हा फायनलला धेंपो होते) पहिली राष्ट्रीय ट्रॉफी, दुसऱ्या दिवशी कोलकाता विमानतळावर हजारो माणसं. ११ वर्षांत जी पोरं शाळेतून नोकरीला लागली त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हे पाहिलं.

राष्ट्रीय लीगची वाट मात्र महिला टीमने संपवली. २०२४-२५ ची इंडियन विमेन्स लीग ईस्ट बंगालच्या मुलींनी जिंकली, २००३-०४ नंतर क्लबकडे आलेलं पहिलं राष्ट्रीय लीग विजेतेपद. पुरुषांच्या टीमवर सगळी आशा लावून बसलेल्या अड्ड्यांवर यामुळे गोलकीपरपासून स्ट्रायकरपर्यंत मुलींची नावं यायला लागली, आणि हा बदल मला ट्रॉफीइतकाच मोठा वाटतो.

दुर्गाविसर्जनाला बंगालमध्ये "आसछे बॉछोर, आबार हॉबे" असा गजर होतो, आपल्या पुढच्या वर्षी लवकर याच्याच जातीचा. सीझन संपताना हीच घोषणा फुटबॉलच्या गप्पांतही सहज येते.

या लोकांच्या गप्पा फक्त क्लबपुरत्या असतात असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर तरुणीच्या बलात्कार आणि खुनानंतर शहर रस्त्यावर होतं, १८ ऑगस्टची ड्युरँड डर्बी सुरक्षेचं कारण देऊन रद्द केली, तर ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मेडनचे समर्थक पावसात सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र जमले, एकमेकांचे झेंडे खांद्याला लावून न्याय मागितला, लाठ्याही खाल्ल्या. आयुष्यभर ज्याला चिडवलं त्याच्याच शेजारी उभं राहायला त्यांना कोणी बोलवावं लागलं नाही.

महाराष्ट्रात हे जवळून बघायचं असेल तर अंधेरीला मुंबई फुटबॉल अरीनात मुंबई सिटी विरुद्ध ईस्ट बंगाल मॅचला जावं आणि लाल-पिवळ्या शर्टांच्या बाजूला बसावं. नोकरीसाठी मुंबई-पुण्यात आलेले बंगाली, सोबत घरचे, कधी तीन पिढ्या. बंगाली येत नसली तरी अडत नाही, शेजारचा माणूस हिंदीत सगळं समजावतो, या मॅचचं कमी आणि पुढच्या मॅचचं जास्त, आणि त्या दिवशी हरले असले तरी स्टेशन येईपर्यंत पुढची टीम निवडून झालेली असते.